घराच्या पार्किंगला पाणी मुरणारे पेव्हर : ब्लॉक नंतर बघा, आधी खालची खडी

जुळे सोलापुरात घर आहे आमचं, गेटपासून जिन्यापर्यंत साधारण वीस बाय बारा फुटाची जागा, तिथं एक कार अन दोन टूव्हीलर लागतात. तिथली जुनी फरशी काढून पाणी मुरणारे पेव्हर टाकले, दुकानवाले त्याला परमिएबल म्हणतात. आता दुसरा पावसाळा सरत आलाय आणि येणारा-जाणारा थांबून विचारतो की हे काय केलंय, खर्च किती आला, आमच्याकडं चालंल का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. घाईत असाल तर एवढंच वाचा : प्रॉडक्टला पाचपैकी चार, ब्लॉकच्या दुकानाला साडेतीन, बसवणाऱ्या ठेकेदाराला दोन. आणि बजेट कमी पडत असेल तर ब्लॉक साधा घ्या, पण खालच्या खडीत काटकसर करू नका.

आधी आमच्याकडं शहाबादी होती, निम्म्या सोलापुरात असते तशी, सांधे सिमेंटनं भरलेले अन उतार रस्त्याकडं. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, वर्षाचा मिळून साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यात जून-जुलै ढगाकडं बघण्यात जातात आणि सप्टेंबरात येतो तो दोन-चार दणक्यात सगळी कसर काढतो. २०२० च्या ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातनं आलेल्या पट्ट्यानं जिल्हा कसा धुऊन काढला होता ते कोणी विसरलं नसंल. म्हणजे पाणी येतं ते एकदम येतं, फरशीवरनं सुसाट गटारीत जातं, आमच्या केसमध्ये तर गटारीच्या आधी शेजारच्या काकांच्या गेटात जायचं, आणि ते काही बोलायचे नाहीत पण खराटा घेऊन आमच्याकडं बघत उभे राहायचे.

आता पाण्याचा हिशोब, कारण यावर लोक फार हवेत बोलतात. २४० चौरस फूट म्हणजे २२ चौरस मीटर. त्यावर १० मिमी पाऊस पडला की २२० लिटर. अख्ख्या वर्षाचे साधारण १२ हजार लिटर. पाच हजारी टँकर धरला तर दोन टँकर अन वर थोडं. एवढंच! त्यामुळं पाण्याचे पैसे वाचतील म्हणून कोणी हे करत असंल तर अजिबात करू नका, या जन्मात वसूल होणार नाही. पाणी अडवायचंय तर आधी गच्चीचं पाइप लावून बोअरला फिल्टरमधनं सोडा, ते स्वस्तही पडतं आणि पाणीही जास्त मिळतं. पार्किंगचं काम करायचं ते चिखल नको, साचलेलं पाणी नको, शेजाऱ्याच्या दारात पाणी जायला नको आणि कंपाउंडलगतच्या कडुनिंबाच्या मुळाला ओल मिळावी, एवढ्यासाठी. माझ्यासाठी ही कारणं पुरेशी होती.

पर्याय चार होते. सगळे बघितले, काही दुसऱ्यांच्या घरी जाऊन बघितले.

पहिला ग्रास पेव्हर, म्हणजे जाळीचे काँक्रीट ब्लॉक, मधल्या भोकात माती भरून लॉन लावायचं. फोटोत बघितलं की कोणीही पाघळतं, आमच्या घरी पण दोन मतं याच्या बाजूनं पडली होती. पण हे पुण्यात-कोल्हापुरात ठीक आहे, इथं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो आणि नळाचं पाणी रोज येत नाही, त्यात कार ज्या जागेवर दिवसभर उभी असते तिथं गवताला ऊन नाही अन जिथं कार नाही तिथं ऊनच ऊन. विजापूर रोडला एका ओळखीच्यांच्यात बघितलं तर जाळीत गवत नव्हतं, नुसती माती अन त्यात गाजरगवत उगवलेलं. शिवाय जाळीत सँडलची टाच अडकते आणि टूव्हीलरचा साइड स्टँड बरोबर भोकातच जातो. गवताऐवजी त्याच जाळीत खडी भरली तर मात्र तो चांगला पर्याय आहे, प्लास्टिकची षटकोनी जाळी पण मिळते त्यासाठी. ती स्वस्तातली सोय म्हणून मी कुणालाही सांगंन.

दुसरा नुसती खडी पसरणे. सगळ्यात स्वस्त, पाणी मुरतं, पण टायर फिरला की खडी बाजूला सरकते, गेटाच्या रुळात जाते, पोरं एकमेकांवर फेकतात, आणि स्कूटर मेन स्टँडला लावणं म्हणजे रोजचा व्यायाम. आमच्यात ज्येष्ठ माणसं आहेत, काठी घेऊन चालणाऱ्याला मोकळ्या खडीवर चालवत नाही. हा विषय तिथंच संपला.

तिसरा सच्छिद्र काँक्रीट. यात वाळू घालतच नाहीत, खडी अन सिमेंट अन पाणी, आणि आत १५ ते २५ टक्के पोकळी राहते, पाणी त्यातनं आरपार जातं. कल्पना भारी आहे, पण हे करायला हात पाहिजे. पाणी थोडं जास्त झालं की सिमेंट खाली बसून बुड बंद, कमी झालं की खडी सुटी होऊन निघते, आणि आपल्या उन्हात तर टाकल्या टाकल्या वर प्लास्टिक अंथरून निदान आठवडाभर झाकून ठेवावं लागतं नाहीतर वरचा थर भुसभुशीत होतो. एवढ्याशा कामाला मिक्सची गाडी कोण पाठवणार, आणि मिस्त्रीला सांगितलं की वाळू घालायची नाही तर तो आपल्याकडं कसा बघतो ते अनुभवा एकदा. परत एकदा बुजलं की ते उकरून मोकळं करता येत नाही. सोडून दिलं.

चौथा म्हणजे आम्ही केलेला, इंटरलॉकिंग ब्लॉकच, पण सांधे मोठे. यात ब्लॉकमधनं पाणी जात नाही, दोन ब्लॉकमधल्या फटीतनं जातं, अन फटीत बारीक खडी भरलेली असते. हे आधी डोक्यात पक्कं करून घ्या कारण दुकानात फसवाफसवी इथंच चालते.

शहराबाहेर पडलं की रस्त्याच्या कडेला पेव्हरचे कारखाने दिसतातच. एका ठिकाणी मालकानं आमच्यासमोर ब्लॉकवर तांब्याभर पाणी ओतलं, ते ब्लॉकनं पिऊन टाकलं, आणि म्हणाला बघा मालक, आहे की नाही पाणी मुरणारा. अरे बाबा! पेव्हर ब्लॉकचं जे आपलं आयएस १५६५८ स्टँडर्ड आहे त्यात चांगल्या ब्लॉकनं वजनाच्या सरासरी ६ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये असं आहे. जो ब्लॉक पाणी पितो तो कच्चा ब्लॉक, सिमेंट कमी किंवा क्युरिंग (पाणी मारून पिकवणं) कमी, दोन वर्षात वरचा रंगीत थर उडून आतली खडी दिसायला लागते. पाणी प्यायलं म्हणजे पाणी खाली गेलं असं नाही, ते ब्लॉकच्या पोटातच राहिलं. तिथनं आम्ही चहा पिऊन निघालो.

जिथनं घेतले त्या दुकानदारानं निदान खरं सांगितलं. त्याच्याकडं नेहमीचे झिगझॅग अन आय शेप भरपूर होते, पण त्यांच्या बाजूला दोन ब्लॉकमध्ये अंतर ठेवणारी जी नाकं, म्हणजे उंचवटे, असतात ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, म्हणजे ब्लॉक चिकटून बसतो अन फटीत फक्त बारीक वाळू जाते. तो म्हणाला हे मुरणार नाहीत, तुम्हाला जाड नाकाचे पाहिजेत, ते ऑर्डर दिल्यावर काढून देतो, वेळ लागंल. आमच्या ब्लॉकची फट आठ-दहा मिलिमीटरची येते, सगळ्या जागेच्या साधारण दहा टक्के फटच. ऐकायला कमी वाटतं पण तेवढ्यातनं सप्टेंबरातला धोधो पाऊस पण आरामात खाली जातो, हे डोळ्यानं बघितलंय.

जाडीचं काय. त्याच स्टँडर्डच्या २००६ च्या तक्त्यात हलक्या रहदारीला ६० मिमीचा एम-३५ ग्रेडचा ब्लॉक (हा आकडा काँक्रीटच्या ताकदीचा) अन मध्यम रहदारीला ८० मिमीचा एम-४० असं आहे. घरच्या कारला ६० मिमी चालतो. पण पाण्याचा टँकर तुमच्या आत येणार असंल, सम्प (जमिनीखालची टाकी) आत असंल, तर सरळ ८० घ्या. आमचा टँकर रस्त्यावरच थांबतो तरी मी ८० घेतला, कारण फट मोठी असली की ब्लॉकला बाजूचा आधार कमी मिळतो, अन जाड ब्लॉक जागेवर जास्त घट्ट बसतो. फरक पडला खिशाला, पण झोप नीट लागते.

आणि एक, राखेचा ब्लॉक म्हणून नाक मुरडू नका. आपल्याकडं फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं केंद्र आहे, राखेला तोटा नाही, अन काँक्रीटमध्ये सिमेंटबरोबर ठराविक प्रमाणात फ्लाय अॅश घातली तर ब्लॉक वाईट होत नाही, उलट पुढं पुढं घट्टच होतो. फक्त राखेच्या मालाला ताकद धरायला वेळ लागतो, म्हणून कधी काढलाय ते विचारा, पाणी किती दिवस मारलं ते विचारा, आणि ताजा माल गाडीत भरून देत असंल तर नको म्हणा. दोन ब्लॉक एकमेकावर आपटून बघा, खणखणीत आवाज आला पाहिजे, कोपरा नखानं उडला नाही पाहिजे. टेस्ट रिपोर्ट मागा. बहुतेक जण "देतो की" म्हणतात अन देत नाहीत, आमच्या दुकानदारानं व्हॉट्सअॅपवर पाठवला, दुसऱ्याच कुठल्यातरी सरकारी कामाचा होता, पण होता.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे ब्लॉकच्या खाली काय. खरं काम तिथंच आहे, वरचा ब्लॉक नुसतं झाकण.

आमच्याकडं काळी माती. जुळे सोलापुरात, होटगी रोडच्या बाजूला बऱ्याच जणांकडं तीच आहे, ज्यांचं मुरमावर घर आहे ते नशीबवान. काळी माती उन्हाळ्यात तडकते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अन पावसात फुगते. त्यामुळं पाणी मुरतंय का बघायला कोणी मे महिन्यात फूटभर खड्डा करून बादलीभर पाणी ओतलं तर ते गायब होतं, माणूस खूश. ते भेगेतनं गेलेलं असतं हो! तोच खड्डा दिवसभर भरून ठेवा, माती फुगू द्या, मग परत भरा आणि घड्याळ लावून बघा. आमच्याकडं दुसऱ्या दिवशी पाणी जवळपास तसंच होतं. म्हणजे वरचं पाणी खालच्या मातीत आपोआप मुरंल या भरवशावर राहायचं नाही, त्याला वाट काढून द्यायची.

म्हणून दीड फूट खणलं. गेटाच्या कोपऱ्यात, घराच्या पायापासून लांब, काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत एक शोषखड्डा घेतला, आमच्यात तीन फुटावर मुरूम लागला, कुणाकडं सहावर लागंल. तो मोठ्या खडीनं भरला. पार्किंगच्या बुडाला चार इंची पीव्हीसी पाइप, त्याला भोकं पाडून, उतार त्या खड्ड्याकडं, आणि खड्डाही भरला तर जास्तीचं पाणी वरच्या पाइपातनं गटारीला. घराच्या बाजूच्या भिंतीला उभा जाड प्लास्टिकचा कागद लावून घेतला. हे फार महत्त्वाचं आहे, काळ्या मातीत घराच्या पायाजवळ एका बाजूनं पाणी जिरवलं तर ती बाजू फुगते, दुसरी तशीच राहते, अन मग भिंतीला तिरक्या चिरा. पाणी जिरवायची जागा पायापासून निदान दहा फूट लांब ठेवा. ज्यांचं पार्किंग पूर्ण स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवर उभ्या घराच्या पोटातच आहे त्यांनी काळ्या मातीवर हा उद्योग इंजिनिअरला न विचारता करू नये, तिथं साधे ब्लॉकच बरे.

मग मातीवर जिओटेक्स्टाइल, पांढऱ्या जाड नमद्यासारखं कापड असतं, पाणी जातं पण माती वर येत नाही. ते अंथरताना मिस्त्री हसत होता, म्हणाला, "मालक, सोलापूरची चादर लोकं अंगावर घेतात, तुम्ही जमिनीला घालायलाय की वो." पण काळ्या मातीवर हे नसंल तर पहिल्याच पावसाळ्यात खडी खाली रुतते अन चिखल वर येतो, सोडू नका.

कापडावर आठ इंच ४० एमएमची खडी, त्यावर चार इंच २० एमएमची, त्यावर दोन इंच सहा ते दहा एमएमची चिप, अन मग ब्लॉक. मुरूम नाही, वाळू नाही, कच (क्रशरची बारीक भुकटी) नाही, पीसीसी म्हणजे साधं काँक्रीट तर नाहीच नाही. सगळी अशी निवडक मापाची खडी असली की दगडादगडात ३५ ते ४० टक्के पोकळी राहते, म्हणजे फूटभर खडीत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस नुसता मावतो, मुरायला वेळ लागला तरी वर तुंबत नाही. काळ्या मातीत आपण विकत घेतोय ती ही साठवणूक. आमच्या मापाला मोठी खडी साधारण अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) अन चिप अर्धा ब्रास लागली, दाबल्यावर बसते म्हणून थोडी जास्तच सांगा.

पण खडी धुतलेली पाहिजे. क्रशरवरनं येते ती खडी पिठात घोळल्यासारखी असते, ती डस्ट पहिल्या पावसात खाली जाऊन कापडावर बसते आणि कापड बंद. क्रशरवाला म्हणतो धुतलेली मिळत नाही. आम्ही बोअरच्या पाण्यावर जागेवरच धुतली, बाजूला खड्डा करून तेच पाणी परत परत वापरलं, आणि गल्लीतल्या लोकांनी मान्य केलं की यांचं डोकं फिरलंय. दोन माणसांची मजुरी गेली. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये "खडी पुरवणे व धुणे" असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर ऐनवेळी हा विषय तुमच्याच गळ्यात.

कडेला चारी बाजूनं काँक्रीटचा कर्ब पक्का पाहिजे. फट मोठी असल्यामुळं कड सुटली की अख्खी ओळ सरकायला लागते. आणि मांडणी हेरिंगबोनची, म्हणजे ब्लॉक एकमेकाला काटकोनात तिरपे गुंतवलेली, घ्या, कार जागेवर स्टिअरिंग फिरवते तेव्हा सरळ ओळीचे ब्लॉक ढकलले जातात, हेरिंगबोनचे एकमेकाला धरून राहतात.

आता ठेकेदाराला दोनच मार्क का ते. ब्लॉक बसवायला हात चांगला आहे त्याचा, लेव्हल सुरेख, कापलेले तुकडे एकसारखे, बोलायला गोड. पण सगळं सांगून समजावून सुद्धा त्याच्या पोरांनी शेवटच्या दिवशी नेहमीच्या सवयीनं कचचं घमेलं आणून ब्लॉकवर ओतलं अन खराट्यानं फटीत ढकलायला सुरुवात केली. मी वर गच्चीवर होतो, आईनं हाक मारली म्हणून कळलं. एक कोपरा भरून झाला होता. तो म्हणतो, "मालक, कच टाकल्याशिवाय ब्लॉक हलणार, मग मलाच फोन करताल." त्याचं पण सगळंच चुकीचं नाही, साध्या पेव्हरला बारीक वाळूच ब्लॉकला धरून ठेवते. इथं ते काम कोनदार चिप करते, क्रशरची अणकुचीदार चिप फटीत बसून वरनं प्लेट व्हायब्रेटर (थरथरवून दाबायचं मशीन) फिरवला की ती एकमेकात अडकते, परत चिप टाकायची, परत फिरवायचा. गोल गोटे मात्र चालत नाहीत, दिसायला छान पण ते सरकतात. त्यानं तो कोपरा उकरून दिला, कुरकुरत दिला, अन त्या दिवशीची मजुरी वेगळी लावली. आजही जोराच्या पावसात तोच कोपरा सगळ्यात उशिरा कोरडा होतो.

रिझल्ट. पाऊस चालू असताना चप्पल घालून उभं राहिलं तर पायाखाली पाणी नसतं, रस्त्यावर घोट्याएवढं असतं तेव्हाही. थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटात ब्लॉक कोरडे दिसतात. शेजारच्या काकांच्या गेटात आता आमचं पाणी जात नाही, वरच्या अंगाच्या घराचं जातं. कारचं टायर जिथं थांबतं तिथं ब्लॉक दबलेला नाही, हे मी दोरी लावून बघितलंय. कडुनिंब यंदा उन्हाळ्यात जास्त टवटवीत वाटला, पण ते ओलीमुळं का आणखी कशामुळं ते मी छातीठोक सांगणार नाही.

थंडावा मिळतो असं सगळीकडं लिहिलेलं असतं. अर्धं खरं आहे. खाली ओल असली की वाफ होऊन वरचा भाग थंड राहतो, पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस फरक जाणवतो. पण मे महिन्यात खाली ओलच नसते, तेव्हा दुपारी अनवाणी पाऊल टाकून बघा, शहाबादी इतकंच पोळतं. फिक्या रंगाचा ब्लॉक घेतला तर जरा कमी. लाल-काळी डिझाइन करायचा मोह टाळा.

आता एक मार्क कापला तो साफसफाईसाठी. आपल्या गावात फफुटा किती, गाडीच्या बोनेटवर सकाळी बोटानं नाव लिहिता येतं, तो सगळा या फटीत जातो. त्यात कडुनिंब, चैत्रात फुलांचा सडा अन नंतर लिंबोळ्या. पाला फटीत कुजला की माती होते, मातीत गवत येतं. पहिल्या वर्षी काही कळलं नाही, दुसऱ्या उन्हाळ्यात झाडाखालच्या पट्ट्यात बादली ओतल्यावर पाणी पसरायला लागलं. उपाय सोपा आहे पण कंबर मोडतो : अणकुचीदार सळई घेऊन फटीतली वरची इंचभर चिप उकरायची, झाडून काढायची, नवीन भरायची. सगळीकडं करायची गरज नसते, माती बसते ती वरच्याच थरात अन ठराविक जागी. जून लागायच्या आधी एकदा करायचं. त्यासाठी चिपची दोन पोती आणि दहा-पंधरा जास्तीचे ब्लॉक जिन्याखाली ठेवून द्या, पाच वर्षांनी तोच रंग अन तोच साचा मिळंल याची काही खात्री नाही. वॉशिंगची प्रेशर गन सरळ फटीवर धरू नका, माती खाली खोल जाते, तिरकी धरा म्हणजे उडून बाहेर येते. रोजचं झाडणं पण बाहेरच्या दिशेनं, शेणानं किंवा मातीनं सारवलेल्या कुंड्या यावर नकोत.

कारचं ऑइल गळत असंल तर आधी ते नीट करा, नाहीतर खाली ट्रे ठेवा. तेल या फटीतनं सरळ जमिनीत जाणार. याच कारणानं पार्किंगखालचं पाणी मी बोअरमध्ये सोडलेलं नाही, ते शोषखड्ड्यातच, बोअरला फक्त गच्चीचं.

बाकी बारीकसारीक. टूव्हीलरचा साइड स्टँड फटीत रुततो का, तर नाही, आठ-दहा एमएमच्या फटीत तो जात नाही. पोरांची गोटी मात्र अडकते. मुंग्या फटीतनं वर येतात उन्हाळ्यात. व्हीलचेअर किंवा पाळण्याची गाडी जरा खडखडते. आणि सगळ्यात मोठा आक्षेप आईचा, रांगोळी कुठं काढायची? फटीवर रांगोळी येत नाही, आणि आली तरी पूड फटीत जाऊन तेच डस्टचं काम करते. म्हणून दारासमोर तीन फुटाची शहाबादी तशीच ठेवली, उतार पेव्हरकडं. तिथंच तुळस, तिथंच उन्हाळ्यात कुरडया-पापड. घरात कोणी म्हातारं माणूस असंल तर तीन फूट नाही, गेटपर्यंत दोन फुटाची फरशीची पायवाट सोडा असं मी सांगंन, आम्ही आता तेच करायच्या विचारात आहोत.

खर्चाचा आकडा देत नाही, खडीचा अन डिझेलचा भाव दर महिन्याला वेगळा. ढोबळ सांगायचं तर साध्या पेव्हरच्या कामापेक्षा आम्हाला पावणेदोन पट पडलं, आणि वरचा फरक ब्लॉकमुळं फार नव्हता, खणाई, माती बाहेर टाकणं, खडी अन ती धुणं यातच गेला. कोटेशन घेताना दर ब्लॉक बसवण्याचा वेगळा अन खालच्या थराचा वेगळा मागा. सगळं मिळून एकच स्क्वेअर फुटाचा दर देणारा खालचा थर बारीक करणार हे धरून चला.

दुकानाचा दीड मार्क का गेला, तर माल ठरल्यापेक्षा उशिरा आला आणि दोन लॉटमध्ये आला, दोन्हीच्या करड्या रंगात फरक आहे, ऊन पडलं की स्पष्ट दिसतो. फुटलेले ब्लॉक मात्र न बोलता बदलून दिले, गाडीभाडं पण घेतलं नाही. सगळा माल एका लॉटचा पाहिजे असं आधीच पावतीवर लिहून घ्या आणि आला की वेगवेगळ्या थप्पीतले मिसळून बसवायला सांगा.

आत्ता लगेच काम काढायचं कोणाच्या मनात असंल तर दिवाळी होऊ द्या. ओल्या काळ्या मातीत खणायला घेतलं तर फावड्याला लगदा चिकटतो, ट्रॅक्टर रुततो, अन बुडाची माती पायानं तुडवून इतकी घट्ट होते की मग पाइपाशिवाय थेंब खाली जात नाही. गड्ड्याच्या यात्रेनंतर फेब्रुवारीत माती कोरडी असते, मजूर मिळतो, आणि चिप भरून झाल्यावर पावसाळ्याच्या आत एकदा परत भरायला वेळ मिळतो, कारण पहिल्या दोन-तीन महिन्यात ती बसतेच बसते.